विरुद्ध बाजूचा अभ्यास

पुण्यात अप्पा बळवंत चौकात कोणत्याही कायद्याचा बेअर अ‍ॅक्ट थोडक्या पैशांत मिळतो. कलमं, पोटकलमं, परंतुकं, स्पष्टीकरणं, सगळं त्यात असतं. ज्याला बऱ्यापैकी वाचता येतं त्याला तो घरी बसून वाचता येईल. मग तीन किंवा पाच वर्षं कॉलेजात जाऊन शिकायचं काय? हा प्रश्न पालक उघड विचारतात, विद्यार्थी मनातल्या मनात विचारतात, आणि कायद्याच्या कॉलेजांनीही तो स्वतःला विचारत राहायला हवा. माझं उत्तर सांगायला छोटं आहे, पटवून द्यायला मात्र जरा वेळ लागेल. कायद्याच्या कॉलेजात माणूस विरुद्ध बाजू मांडायला शिकतो. आपल्याला न पटणारी, कधी कधी घातकही वाटणारी बाजू तिच्या सर्वांत बळकट रूपात उभी करायची आणि मगच आपलं म्हणणं मांडायचं, ही सवय तिथे लागते. ती लागली नाही तर पदवी मिळते, सनद मिळते, काळा कोटही अंगावर चढतो, पण शिक्षण झालेलं नसतं.

हे मी पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयाच्या आधाराने सांगणार आहे. ते सरकारी नाही. वकिलीशी आणि सार्वजनिक कामाशी संबंध असलेल्या मंडळींनी सोसायटी काढून ते उभं केलं. ते शहरात आहे, इतकं की लॉ कॉलेज रोडला नाव त्याच्यावरून पडलं. आणि त्याला शंभर वर्षं होऊन गेली, त्यामुळे तिथे शिकलेल्या माणसांनी पुढे काय केलं हे तपासून पाहता येतं. संस्थेची गोष्ट सांगताना आपल्याकडे माजी विद्यार्थ्यांच्या मोठ्या नावांची माळ गुंफायची पद्धत आहे. मला ती माळ नको आहे. त्यातल्या दोन-तीन नावांपाशी थांबून नीट पाहायचं आहे.

इंडियन लॉ सोसायटी १९२३ मध्ये स्थापन झाली आणि १९२४ च्या जूनमध्ये कॉलेज सुरू झालं. त्याआधी पुण्यात कायदा शिकवला जात नव्हता असं नाही. लोकमान्य टिळक स्वतः १८७९ चे एलएलबी. त्यांनी पुण्यात हायकोर्ट प्लीडर आणि डिस्ट्रिक्ट प्लीडर या परीक्षांसाठी लॉ क्लास चालवला होता. पण तो क्लास होता, परीक्षेपुरता. पदवीचं शिक्षण म्हटलं की नजर मुंबईकडे जायची, १८५५ पासून चालत आलेल्या सरकारी लॉ स्कूलकडे. मुंबईत हायकोर्ट होतं, मोठे बॅरिस्टर होते, सगळं वकिली वातावरण होतं. पुण्याला यातलं काही नव्हतं. पुण्याजवळ होती ती शास्त्रांची परंपरा, ग्रंथ आणि वाद घालायची हौस. कोर्टापासून दूर असलेलं कॉलेज काढायचं तर ते ग्रंथांच्या बळावरच काढावं लागणार होतं, आणि ते तसंच निघालं. योगायोग असा की ज्या १९२३ साली सोसायटी स्थापन झाली त्याच वर्षी बायकांना वकिली करायला असलेली आडकाठी कायद्याने दूर झाली. नाशिकमध्ये जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा १८९२ मध्येच दिली होती. हा कायदा होईपर्यंत त्यांना तीस वर्षं थांबावं लागलं.

पहिले प्राचार्य जगन्नाथ रघुनाथ घारपुरे हे वकील होते, पण त्यांचं आयुष्यभराचं काम धर्मशास्त्राच्या ग्रंथांचं. मिताक्षरा, व्यवहारमयूख अशा ग्रंथांच्या संहिता आणि त्यांची इंग्रजी भाषांतरं त्यांनी वर्षानुवर्षं काढली. हे पांडित्य कपाटात ठेवायचं नव्हतं. मुंबई इलाख्यातल्या कोर्टांत हिंदू कुटुंबांचे वाटणीचे, दत्तकाचे, वारशाचे दावे याच ग्रंथांवर चालत. मिताक्षरेत काय आहे यावर लोकांच्या जमिनी ठरत होत्या.

इथे थोडं आत शिरावं लागेल, कारण मला जे सांगायचं आहे त्याचं मूळ इथे आहे. विज्ञानेश्वराने मिताक्षरेत एक प्रश्न घेतला आहे: मुलाचा वडिलोपार्जित मालमत्तेवरचा हक्क जन्माने येतो, की वाटणी झाल्यावर किंवा बाप गेल्यावर? विज्ञानेश्वराचं मत जन्माने येतो असं आहे. पण तो ते लगेच सांगत नाही. हक्क जन्माने येत नाही असं म्हणणाऱ्याची बाजू तो आधी उभी करतो, त्याची प्रमाणं देतो, त्याच्या अडचणी आपल्या अडचणी समजून मांडतो. वाचणारा क्षणभर त्या बाजूला जातो. मग एकेक मुद्दा घेऊन तो उत्तर देतो. मीमांसेतल्या अधिकरणाची हीच चौकट आहे: विषय, त्यावरचा संशय, पूर्वपक्ष, मग उत्तरपक्ष आणि शेवटी निर्णय. उच्च न्यायालयाचं एखादं चांगलं निकालपत्र उघडून पाहा. वस्तुस्थिती, वादाचा मुद्दा, अपिलकर्त्याचं म्हणणं, प्रतिवादीचं म्हणणं, कारणमीमांसा, हुकूम. सांगाडा तोच आहे. बंगालात जीमूतवाहनाने याच प्रश्नाचं उत्तर उलटं दिलं आणि तिकडच्या कुटुंबांचा वारसा शतकानुशतकं वेगळ्या रीतीने चालला. आणि हा वाद जुना झाला असं कोणी समजू नये. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलीला जन्माने सहदायकाचा हक्क दिला तो याच वादाचा पुढचा टप्पा आहे. आज एखाद्या गावात बहिणीचं नाव सातबाऱ्यावर लागावं की नाही यावरून जे भांडण पेटतं, त्याच्या तळाशी विज्ञानेश्वराचा प्रश्न आहे.

घारपुऱ्यांच्या कॉलेजात अगदी सुरुवातीला जे विद्यार्थी आले त्यांत प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर होते. शास्त्र्यांच्या घरातला मुलगा, डेक्कन कॉलेजातून एमए केलेला. १९२६ मध्ये ते एलएलबी झाले आणि १९६४ मध्ये भारताचे सरन्यायाधीश. त्याच वर्षी उत्तर प्रदेशात केशव सिंग नावाच्या कार्यकर्त्याला विधानसभेने हक्कभंगासाठी तुरुंगात टाकलं, अलाहाबाद हायकोर्टाने त्याला जामीन दिला, आणि विधानसभेने थेट न्यायमूर्तींनाच पकडून सभागृहापुढे आणायचा ठराव केला. राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचा सल्ला मागितला. ज्या प्रकरणात न्यायाधीशांवरच वेळ आली आहे, त्यात न्यायाधीशांनी विधानसभेची बाजू मनापासून ऐकणं सोपं नसतं. गजेंद्रगडकरांनी लिहिलेलं बहुमताचं मतपत्र वाचताना ब्रिटिश पार्लमेंटच्या विशेषाधिकारांचा इतिहास, विधानसभेचा दावा, तिच्या वतीने होरमसजी सीरवाईंनी केलेला युक्तिवाद हे सगळं विस्ताराने येतं, आणि मग त्याला नकार येतो. नकार इतका टिकला त्याचं एक कारण मला हेच वाटतं.

आता दुसरं नाव, आणि इथे प्रकरण अवघड होतं. यशवंत विष्णू चंद्रचूड पुण्याचेच. नूतन मराठी विद्यालय, पुढे हे लॉ कॉलेज, १९४२ चे एलएलबी. २८ एप्रिल १९७६ रोजी जबलपूरच्या अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. आणीबाणी चालू होती. प्रश्न होता, स्थानबद्ध केलेल्या माणसाला आपली अटक बेकायदा आहे असं म्हणत हायकोर्टात जाता येईल का. नागपूर खंडपीठासह देशातल्या नऊ उच्च न्यायालयांनी जाता येईल असं म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयात पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी नाही म्हटलं. त्या चौघांत चंद्रचूड होते. एकट्या हंसराज खन्नांनी विरोधी मत दिलं. सुनावणीत खन्नांनी सरकारच्या वकिलांना विचारलं होतं की उद्या कोणी पोलिसाने एखाद्याचा बेकायदा जीवच घेतला तर? आणि आणीबाणी उठेपर्यंत दाद मागता येणार नाही, असं उत्तर सरकारी बाजूने आलं होतं. हे उत्तर पाचही जणांनी ऐकलं. त्याचं वजन एकाच्याच लिखाणात उतरलं.

या निकालाबद्दल कॉलेजात काय शिकवायचं? माजी विद्यार्थ्याच्या चुकीवर पांघरूण घालावं? की त्याला खलनायक ठरवून पुढे जावं? मला वाटतं, दोन्हींमध्ये शिक्षण नाही. चंद्रचूडांचं मतपत्र विद्यार्थ्याच्या हातात द्यावं आणि सांगावं, उद्या तू ही बाजू मांडणार आहेस. आणीबाणीत मूलभूत हक्कांसाठी कोर्टात जाणं थांबवणाऱ्या राष्ट्रपतींच्या आदेशाची भाषा काय होती, घटनेचं ३५९वं कलम काय म्हणतं, आणि त्या कलमाचा अक्षरशः अर्थ घेतला तर एक हुशार, अभ्यासू, सभ्य माणूस त्या निष्कर्षापर्यंत कसा पोचतो, हे त्याने स्वतः चालून पाहावं. मगच खन्नांचं मतपत्र द्यावं. वाट नेमकी कुठे चुकली हे तेव्हा कळतं. नुसतं शेवटचं ठिकाण चुकीचं होतं एवढं सांगून ते कळत नाही.

त्याच चंद्रचूडांनी १९८५ च्या जुलैमध्ये ऑल्गा टेलिस प्रकरणाचा निकाल लिहिला. १९८१ च्या पावसाळ्यात मुंबईतल्या फुटपाथवरच्या झोपड्या पाडून तिथल्या लोकांना गावी पाठवून द्यायचं असं राज्य सरकारने ठरवलं होतं. मुंबई महापालिका कायद्याच्या ३१४व्या कलमात फुटपाथवरचं अतिक्रमण नोटीस न देता काढायचा अधिकार आहे. निकालपत्रात महापालिकेची बाजू नीट येते: फुटपाथ चालण्यासाठी असतात, त्यावर घर बांधायचा हक्क कोणालाच नाही. आणि झोपडीवाल्यांचीही येते: कामाच्या जवळ राहिलं नाही तर काम जातं, काम गेलं तर जगणं जातं. न्यायालयाने मान्य केलं की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. नोटीस आणि ऐकून घेणं हा नियम आहे, वगळणं हा अपवाद आहे, असं कलमाचं वाचन केलं. पण झोपड्या काढायचा महापालिकेचा अधिकार उचलून धरला, फक्त पावसाळा संपेपर्यंत, ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, थांबायला सांगितलं. गरिबांच्या हक्कांचा थोर निकाल म्हणून तो देशभर उद्धृत होतो. ज्यांनी तो मिळवला त्यांच्या झोपड्या त्याने वाचवल्या नाहीत. हेडनोट वाचणाऱ्याला पहिली गोष्ट कळते, पूर्ण निकालपत्र वाचणाऱ्याला दोन्ही.

हेडनोटचा विषय निघालाच आहे. लॉ रिपोर्टमध्ये निकालपत्राच्या आधी संपादकाने दिलेला सारांश म्हणजे हेडनोट. नागपुरातून १९२२ पासून निघणाऱ्या ऑल इंडिया रिपोर्टरने, म्हणजे एआयआरने, वकिलांच्या पिढ्या पोसल्या, आणि घाईतल्या वकिलाला हेडनोट हवीच असते. पण विद्यार्थी घाईतला वकील नसतो, नसावा. हेडनोटमध्ये हरलेल्या बाजूचा युक्तिवाद नसतो. नोट्समध्ये तर निकालही एका ओळीचा होतो. परीक्षेत दहा मार्कांच्या प्रश्नाला सहा खटल्यांची नावं टाकली की मार्क मिळतात, हे विद्यार्थ्याला पहिल्याच सेमिस्टरला कळतं. माझी खरी तक्रार इथे आहे, आणि ती कुठल्या एका कॉलेजाबद्दल नाही.

विरुद्ध बाजू शिकायची कॉलेजातली सर्वांत सरळ जागा म्हणजे मूट कोर्ट. स्पर्धेचा काल्पनिक खटला हातात पडतो तेव्हाच अट असते की मेमोरियल, म्हणजे लेखी युक्तिवाद, दोन्ही बाजूंचा लिहायचा. आठवडेच्या आठवडे ग्रंथालयात जातात. सकाळच्या फेरीत जी मुलगी याचिकाकर्त्यातर्फे उभी राहते तीच दुपारी सरकारतर्फे उभी राहते, आणि सकाळी तिने जो निवाडा छातीठोकपणे पुढे केला होता तोच आता समोरची टीम तिच्यावर फेकते. न्यायाधीशाच्या खुर्चीत बसलेले वकील दोन मिनिटंसुद्धा सलग बोलू देत नाहीत. पाठ केलेलं भाषण तिथे कोलमडतं. जिला समोरच्याचं उत्तर आधीच माहीत असतं, कारण तिने ते स्वतः लिहिलेलं असतं, ती उभी राहते. आजकाल मूटला बक्षिसांसाठी आणि बायोडेटासाठी जातात, हे खरं आहे. जाऊ देत. त्या निमित्ताने दोन्ही मेमोरियलं लिहिली गेली तर काम झालं.

आयएलएसच्या इतिहासात हा विचार वर्गाबाहेर गेला तो माझ्या मते सत्यरंजन साठे यांच्या काळात. १९७६ ते १९९१ ते प्राचार्य होते. त्यांचा विषय प्रशासकीय कायदा, आणि त्या विषयाचा कणाच मुळी असा आहे की कोणाविरुद्ध निर्णय घ्यायचा असेल तर आधी त्याचं ऐका. परवाना रद्द करण्यापूर्वी, नोकरीवरून काढण्यापूर्वी, पासपोर्ट जप्त करण्यापूर्वी. पण ऐकून घ्यायला माणूस समोर यावा लागतो. ज्याच्याकडे वकिलाला द्यायला पैसे नाहीत त्याची बाजू विरुद्ध बाजू म्हणूनसुद्धा उभी राहत नाही. त्या वर्षांत देशभर मोफत कायदेशीर मदतीची चळवळ वाढली. १९७६ च्याच घटनादुरुस्तीत ती राज्याची जबाबदारी म्हणून आली होती. कायद्याच्या कॉलेजांत विधी सहाय्य केंद्रं निघाली ती या हवेत. तिथे येणारी बाई कलम सांगत नाही. ती नवऱ्याने घरातून काढल्याचं सांगते, मधेच सासूचं सांगते, मग रेशनकार्डाचं. त्यातून वादाचा मुद्दा वेगळा काढणं हे विद्यार्थ्याचं खरं पहिलं निकालपत्र-वाचन असतं.

कायदा शिकवणाऱ्यांनी हेच काम केवढ्या उंचीवर नेता येतं हे १९७९ च्या सप्टेंबरमध्ये दाखवून दिलं. चंद्रपूर भागातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराच्या खटल्यात, मथुरा प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने दोन पोलिसांना निर्दोष सोडलं होतं. तिने आरडाओरडा केला नाही, अंगावर जखमा नाहीत, म्हणजे संमती होती, असा निष्कर्ष काढून. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. पोलीस ठाण्यात, रात्री, पोलिसांसमोर त्या मुलीने काय करायला हवं होतं असं न्यायालयाला वाटतं, हा त्या पत्राचा रोख होता. जी बाजू निकालात नव्हतीच ती त्यांनी लिहून काढली. देशभर स्त्रियांच्या संघटना उभ्या राहिल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात बाईने संमती नव्हती असं सांगितलं तर न्यायालयाने तसं गृहीत धरावं असं ठरलं. ते पत्र ज्या सरन्यायाधीशांच्या नावे होतं ते यशवंत चंद्रचूड.

अगदी अलीकडचं उदाहरण इंडियन लॉ सोसायटीच्याच मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राचं आहे. मनोविकारतज्ज्ञ सौमित्र पठारे यांच्या या केंद्राचा २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या मसुद्याच्या कामात वाटा आहे. जुन्या कायद्यांत डॉक्टर होता, नातेवाईक होते, दंडाधिकारी होता. ज्याच्यावर उपचार करायचे त्याचं म्हणणं कुठे नव्हतं. नव्या कायद्याच्या पाचव्या कलमाने माणसाला आधीच लिहून ठेवता येतं की पुढे आजारी पडलो तर माझ्यावर कोणते उपचार करावेत आणि कोणते करू नयेत. ज्याचं बोलणं वेडाचं म्हणून बाजूला सारलं जायचं त्याला कायद्यात एक कागद मिळाला. कॉलेजच्या कामाची परीक्षा घ्यायची तर मी प्लेसमेंटच्या आकड्यांपेक्षा या कागदाकडे आधी पाहीन.

राजकारणातही इथले अनेकजण गेले. यशवंतराव चव्हाण १९४१ मध्ये एलएलबी होऊन कराडला वकिली करायला बसले. विलासराव देशमुख आणि गोपीनाथ मुंडे याच कॉलेजातले, पुढे विधानसभेत समोरासमोरच्या बाकांवर बसले आणि त्यांची मैत्री टिकली. याचं श्रेय मी कॉलेजला देत नाही, स्वभावाचा भाग असतो. पण समोरच्याचं म्हणणं समजून घेऊन त्याला विरोध करता येतो, हे दोघांनाही येत होतं.

आज कॉलेजांपुढची स्थिती वेगळी आहे. १९८० च्या दशकात पाच वर्षांचा अभ्यासक्रम आला. पुणे विद्यापीठाने त्यात पहिल्या तीन वर्षांनंतर बीएसएलची पदवी ठेवली आणि राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र आत आणलं. त्याचा हेतू चांगला होता: समोरच्या बाजूला जो माणूस उभा असतो तो कुठून आला हे वकिलाला कळावं. मग बंगळुरूपासून राष्ट्रीय विधी विद्यापीठं निघाली, महाराष्ट्रातच तीन झाली. २०१६ पासून राज्याची सीईटी आहे. या स्पर्धेत शहरातल्या जुन्या खासगी कॉलेजाने राष्ट्रीय विद्यापीठांची नक्कल करू नये असं मला ठाम वाटतं. त्याच्या वर्गात अजूनही लातूर-बीडची मुलं असतात आणि कोथरूडची असतात. वकिलाची मुलगी असते आणि घरात ज्याने पहिल्यांदा कोर्टाची पायरी पाहिली असा मुलगाही असतो. आरक्षण, गोवंशहत्याबंदी, धरणग्रस्तांचं पुनर्वसन, कुठलाही विषय काढा, विरुद्ध बाजू पुस्तकात शोधावी लागत नाही. ती शेजारच्या बाकावर बसलेली असते. तालुक्याच्या कोर्टाचं काम मराठीत चालतं, तिथली उलटतपासणी मराठीत होते, म्हणून हा वाद वर्गात मराठीतही व्हायला हवा. शिक्षकाने एवढंच पाहावं की तो होतो, आणि त्याला कलमांची, निवाड्यांची शिस्त लागते.

तुमच्या घरातलं कोणी यंदा कायद्याच्या पहिल्या वर्षाला जाणार असेल, तर गाईड घेण्याआधी त्याच्याकडून एक निकालपत्र पूर्ण वाचून घ्या. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ पासून आपले निवाडे ई-एससीआरवर सर्वांना मोफत खुले केले आहेत. ऑल्गा टेलिसपासून सुरुवात करावी. वाचून झाल्यावर महापालिकेच्या बाजूने पाच मिनिटं उभं राहून बोलायला सांगा, आणि मधे अडवा.